'नको वाटलं तर काढून टाका', पण कोणत्या क्रमाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी जुन्या संगणकांवर एक लेख आला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत अपडेट्स थांबली, प्रोसेसर जुना असेल तर विंडोज ११ मिळणार नाही, तेव्हा विंडोजच्या शेजारी उबुंटू ही विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा, दोन्ही एकाच संगणकावर गुण्यागोविंदाने नांदतात, असा त्याचा आशय. लेख चांगला होता. टाकायचं कसं ते पाऊण पान भरून सांगितलं होतं, चित्रंही ठसठशीत होती. आणि शेवटच्या कॉलमच्या तळाशी एक ओळ होती: 'नको वाटलं तर उबुंटूचं पार्टिशन केव्हाही डिलीट करता येतं.'

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. (पार्टिशन म्हणजे डिस्कवर आखलेला वेगळा भाग.)

कराडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, भिशीची पावतीपुस्तकं, तहसीलला द्यायचे अर्ज, जे येईल ते करते. दुकानातला मुख्य संगणक २०१२ चा. विंडोज ७ घेऊन आला, पुढे फुकटात १० झाला आणि तिथेच थांबला. त्याच्यात माझं जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर आहे आणि जुने फाँट आहेत, युनिकोडच्या आधीचे. त्या फाँटातली पत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, टक्के आणि डॉलर दिसतात. म्हणून विंडोज सोडता येत नाही.

भाऊबीजेला भाचा पुण्याहून आला. माझ्या लेकीकडून ओवाळून घेतलं आणि ओवाळणी म्हणून म्हणाला, "मावशी, दुकानातल्या मशीनवर उबुंटू टाकून देतो. नेटचं काम त्याच्यात, पत्रिका विंडोजमध्ये." दोन तासांत टाकूनही दिलं. खोटं कशाला बोलू, उबुंटू आवडलं मला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच होता, मराठी पहिल्या दिवसापासून नीट. पण दुकान म्हटलं की काम तुकड्यातुकड्यात येतं. एकाला मेलमधून फोटो काढून पत्रिकेत टाकायचा असतो, म्हणजे आधी उबुंटू, मग बंद करा, मग विंडोज. तोवर गिऱ्हाईक चहाला जातं ते परत येत नाही. दोन महिन्यांत मी उबुंटू उघडायचं सोडून दिलं.

वर घड्याळाची गंमत वेगळीच. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळातली वेळ इथलीच समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलं की दुपारी चारच्या पावतीवर सकाळचे साडेदहा छापले जायचे. एका गिऱ्हाइकाने ती पावती पुढे करून विचारलं, "ताई, सकाळी मी शेतात होतो. ही माझी कशी?" त्याला ग्रीनिच कुठे सांगत बसू!

मग पौष लागला. मुहूर्त नाहीत, दुकान शांत. डी ड्राइव्ह भरत आलेला, कारण हल्ली प्रत्येकाला पत्रिकेबरोबर व्हॉट्सअॅपवर पाठवायला व्हिडिओही लागतो. आठवलं, उबुंटूसाठी भाच्याने सव्वाशे जीबी अडवून ठेवले आहेत. पुरवणीतली ओळही आठवली. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे डिस्कचे भाग दाखवणारं साधन, उघडलं. तिथे सी होता, डी होता, आणि उजवीकडे हिरव्या चौकटीत अक्षर नसलेले दोन तुकडे, एक मोठा, एक चार जीबीचा. मोठ्यावर उजवी क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. विंडोजने विचारलंही की हे पार्टिशन विंडोजने केलेलं नाही, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची माहिती यात असू शकते, पुसायचं का? मला तेच तर पुसायचं होतं. येस म्हटलं. दुसरंही पुसलं. संध्याकाळपर्यंत संगणक झकास चालला. शटर ओढलं, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती लावली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन-तीन ओळी. 'एरर: नो सच पार्टिशन. एंटरिंग रेस्क्यू मोड.' खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. एंटर दाबलं, तीच ओळ पुन्हा. बंद करून चालू केलं, तरी तेच. समोर बाकावर वारसनोंदीचा अर्ज टाइप करून घ्यायला आलेले एक काका बसले होते, त्यांना तलाठ्याला गाठायचं होतं.

शेजारच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खुर्चीवर न बसताच पडदा पाहिला आणि सांगितलं, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल."

"आणि फाइली?"

"सीमधल्या जातील. डीचं बघू."

हे 'बघू' ज्याने ऐकलं असेल त्यालाच त्याची धडकी कळेल. माझ्या त्या संगणकात अकरा वर्षांच्या पत्रिका आहेत. लोक येतात आणि म्हणतात, थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच धाकट्याची करा, फक्त नावं बदला. त्यावर माझं दुकान चालतं. बॅकअप होता, पण गणपतीतला, म्हणजे अख्खी दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची सराई त्यात नव्हती. आमच्याकडे थकवा आला की सलाइन लावतात तसं संगणकाचं काहीही झालं की फॉरमॅट मारतात. रोग कुठला हे विचारायची पद्धत नाही. त्या मुलाचाही फार दोष नाही म्हणा, तासाभरात दोन मशीन हातावेगळी करायची तर त्याला हाच उपाय माहीत. पण मी नको म्हटलं आणि भाच्याला फोन लावला. तो शिफ्टमध्ये. दुपारी दोनला त्याचा फोन आला आणि पहिलं वाक्य होतं, "मावशी, काहीही गेलेलं नाही. कशालाही हात लावू नकोस."

त्याने जे समजावलं ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. डिस्क म्हणजे पुस्तक धरा. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिलं पान फक्त ५१२ बाइट्सचं असतं. त्यात सुरुवात कशी करायची त्या सूचनेला ४४६ बाइट्स, कोणतं पार्टिशन कुठे आहे त्या तक्त्याला ६४, आणि शेवटी खुणेचे दोन. उबुंटू टाकताना त्याचा ग्रब, म्हणजे सुरुवातीला 'उबुंटू की विंडोज' विचारणारा तो मेनू, या पहिल्या पानावर येऊन बसतो. पण ४४६ बाइट्समध्ये अख्खा मेनू कुठून मावायला? म्हणून ग्रब तिथे आणि त्याच्या मागच्या थोड्या मोकळ्या जागेत एवढंच लिहितो की उरलेला मजकूर अमुक पानावर पाहा. आणि ते अमुक पान असतं उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. मी तेच पान फाडलं होतं. विंडोजचा एकही फर्मा हलला नव्हता, पत्रिका जिथल्या तिथे होत्या. पण पहिलं पान वाचणाऱ्याला पुढे जायची वाट नव्हती, म्हणून तो बिचारा 'ते पानच नाही' म्हणत उभा होता.

म्हणजे बदलायची होती ती त्या ४४६ बाइट्सची चिठ्ठी. त्यासाठी दुरुस्तीवाला सगळं पुस्तक रद्दीत घालायला निघाला होता.

उपाय असा झाला. आमच्या शेजारी फोटो स्टुडिओ आहे, त्यांच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं मोफत साधन उतरवून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर सेटअप तयार केला. तास गेला त्यात. माझ्या मशीनला पेनड्राइव्ह लावून चालू करताना एफ-१२ दाबून धरायचं (कंपनीगणिक ही कळ बदलते) आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. भाषेची खिडकी येते, नेक्स्ट म्हणायचं. मग मधोमध मोठं बटण येतं, 'इन्स्टॉल नाऊ'. त्याला हात लावायचा नाही. डाव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' असतं, ते दाबायचं. पुढे ट्रबलशूट आणि त्याच्या पोटात कमांड प्रॉम्प्ट. एवढं झालं की पुन्हा काळा पडदा. माझ्या पोटात गोळा.

"आता टाइप कर," भाचा फोनवर सांगत होता. "बी, ओ, ओ, टी, आर, ई, सी. सगळं जोडून. मग एक मोकळी जागा. मग तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या कळीवरची. मग एफ, आय, एक्स, एम, बी, आर. हेही जोडून. एंटर."

मी मराठी टायपिंग मिनिटाला पन्नास शब्दांनी करते. ही तेरा अक्षरं आणि एक रेघ मी एका बोटाने टाइप केली. एंटर दाबलं आणि लगेच खाली ओळ आली, 'द ऑपरेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली'. पेनड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा चालू केलं, आणि विंडोज आलं. डेस्कटॉपवर माझ्या नातीचा फोटो, त्याखाली 'माघ लग्ने' नावाचं फोल्डर. काकांचा वारसनोंदीचा अर्ज त्याच दिवशी झाला, पण तलाठी तोवर निघून गेले होते. काकांनी पैसे दिले आणि काही बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. बूटरेकचा हा हुकूम पहिल्या पानावरची सूचना बदलतो, पार्टिशनच्या तक्त्याला हात लावत नाही. म्हणजे तो उबुंटू पुसण्याच्या आधीही चालवता आला असता. तसं केलं असतं तर ग्रबचा मेनू गेला असता, विंडोज थेट सुरू झालं असतं, आणि उबुंटू डिस्कवर जसंच्या तसं राहिलं असतं, फक्त त्याची वाट बंद. तसंच दोन-चार दिवस काम करून बघायचं, काही राहिलंय का ते आठवायचं, आणि मग सावकाश पार्टिशन पुसायचं. ज्या कामाला मी पहिलं धरलं ते शेवटचं होतं. पुरवणीतल्या ओळीत चूक काही नव्हती, पार्टिशन खरोखर केव्हाही डिलीट करता येतं. त्याआधी काय करायचं ते तेवढं नव्हतं.

पुसून झाल्यावर जागा डीला जोडताना आणखी एक शिकले. डिस्क मॅनेजमेंटमध्ये रंग बघायचा. उबुंटूचे तुकडे पुसल्यावर माझ्याकडे तिथे फिकट हिरवा पट्टा उरला होता, 'फ्री स्पेस' म्हणून. डीवर उजवी क्लिक केली तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडं, दाबता येईना. कारण जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चारच मुख्य पार्टिशनं होतात, म्हणून उबुंटू बहुधा एका एक्स्टेंडेड चौकटीत बसवलेलं असतं. आतले तुकडे गेले तरी चौकट राहते. ती रिकामी चौकटही डिलीट केली की पट्टा काळा होतो, 'अनअलोकेटेड'. मग डी वाढवता येतो. तेही काळा पट्टा डीच्या लगेच उजवीकडे असेल तरच. मध्ये दुसरं पार्टिशन असलं किंवा जागा डाव्या बाजूला असली तर विंडोज हात वर करतं. माझं नशीब, भाच्याने जागा डीच्याच शेपटातून कापली होती.

हे सगळं जुन्या पद्धतीच्या मशीनचं. लेकीच्या लॅपटॉपवरही दोन सिस्टीम होत्या. तिला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलसाठी उबुंटू लागत होतं, आता नको होतं. माझी फजिती बघून तिने आधी भाच्याला विचारलं. त्याने पहिल्यांदा विंडोजच्या शोधपट्टीत 'एमएसइन्फो३२' टाइप करायला लावलं. उघडलेल्या यादीत 'बायोस मोड' अशी ओळ असते, तिथे 'लेगसी' लिहिलं असेल तर माझ्यासारखं प्रकरण, 'यूईएफआय', म्हणजे संगणक सुरू व्हायची नवी पद्धत, असेल तर वेगळं. लेकीचं यूईएफआय. अलीकडची बहुतेक मशीनं तशीच.

यूईएफआयमध्ये ४४६ बाइट्सची दाटीवाटी नाही. डिस्कवर एक छोटं स्वतंत्र पार्टिशन असतं, लेकीच्या लॅपटॉपवर ते २६० एमबीचं आहे. त्यात विंडोजचं एक फोल्डर, उबुंटूचं एक फोल्डर, आणि मदरबोर्डच्या स्मरणात कुणाला आधी हाक मारायची त्याची यादी. तिथे पेनड्राइव्ह लागला नाही की तिरकी रेघ. लॅपटॉप चालू होताना एफ-२ दाबून सेटिंगमध्ये जायचं आणि यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर सरकवायचं, बस्स. पुन्हा चालू केल्यावर मेनू न येता थेट विंडोज आलं की पुढची पायरी.

पण तिथे मेख होती ती कुलपाची. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकरच्या जातीचं कुलूप. लेकीला याचा पत्ताच नव्हता. सुरू व्हायच्या वाटेत काही बदललं की विंडोजला संशय येऊ शकतो आणि ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती नसेल तर तुमचीच डिस्क तुम्हाला बंद, आणि त्या वेळी मात्र फॉरमॅटवाला खरा ठरतो. म्हणून काही करण्याआधी लेकीने आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती किल्ली काढली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तिने मोबाइलवर फोटो काढला, मी तो तेवढ्यावर सोडला नाही, उरलेल्या आर्टकार्डाच्या पाठीवर लिहून घेतली आणि दोनदा ताडून बघितली. प्रुफं तपासायची सवय. एक वाचणार, एक बघणार. प्रत्यक्षात किल्ली मागितली गेली नाही, पण ते कार्ड आता घरच्या कपाटात रेशनकार्डाशेजारी आहे.

त्याआधीचं एक काम सांगायचं राहिलं, उबुंटूतल्या फाइली बाहेर काढणं. विंडोजमधून उबुंटूचं पार्टिशन आपणहून दिसत नाही, म्हणून हे उबुंटूत असतानाच करावं लागतं. लेकीने 'डॉक्युमेंट्स' आणि 'डाउनलोड्स' कॉपी केलं आणि म्हणाली झालं. भाच्याने विचारलं, ब्राउझरच्या खुणा, म्हणजे बुकमार्क? डेस्कटॉपवरचं? लपलेली फोल्डरं? नावाच्या आधी टिंब असलेली फोल्डरं उबुंटू दाखवत नाही, कंट्रोल आणि एच एकदम दाबल्यावर दिसतात. तिच्या प्रोजेक्टची किल्ली नेमकी तसल्याच एका टिंबवाल्या फोल्डरात निघाली. माझ्या बाबतीत उबुंटूत ठेवलेले दोन गिऱ्हाइकांचे फोटो पार्टिशनबरोबर गेले. एकाने परत पाठवले. दुसऱ्याच्या बाळाच्या बारशाचे होते, त्याच्याकडेही उरले नव्हते.

हे झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं पार्टिशन पुसायला मिनिट लागलं. एक लक्षात ठेवलं, ते २६० एमबीचं 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' उबुंटूचं नाही, दोघांचं आहे. त्याला धक्का लावायचा नाही. डिस्क मॅनेजमेंट ते पुसू देत नाही, पण नेटवरचे काही व्हिडिओ डिस्कपार्ट नावाच्या हत्याराकडे पाठवतात आणि तिथे 'क्लीन' म्हणायला सांगतात. तो हुकूम एक पार्टिशन नाही, निवडलेल्या अख्ख्या डिस्कचा तक्ता पुसतो. विचारतही नाही. नावावर जाऊ नका.

उबुंटूचं पार्टिशन गेलं तरी त्या छोट्या पार्टिशनात त्याचं फोल्डर उरतं आणि एफ-१२ च्या यादीत 'उबुंटू' दिसत राहतं. चार-दोन एमबीचा प्रश्न, कुणाला इजा नाही. माझ्या मते ते तसंच ठेवावं. लेकीला चैन पडेना. तिने अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'माउंटव्हॉल' या हुकुमाने त्या पार्टिशनला एस हे अक्षर दिलं, आतल्या ईएफआय फोल्डरात जाऊन फक्त उबुंटू नावाचं फोल्डर काढलं. शेजारीच मायक्रोसॉफ्ट नावाचं फोल्डर होतं. एक चुकीचं नाव टाइप झालं असतं तर लॅपटॉपचीही माझ्या मशीनसारखी गत झाली असती. मी तोवर बाहेर भाजी निवडत बसले होते, बघवत नव्हतं.

यूईएफआयच्या मशीनवर कुणी माझ्यासारखं आधी पार्टिशन पुसून बसलं असेल आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब' असं आलं असेल, तर त्याने घाबरून कुणाला बोलवू नये. बंद करून चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, जी कळ असेल ती दाबून यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं की बहुधा काम होतं. मग एफ-२ मध्ये जाऊन क्रम कायमचा बदलायचा.

उलट बाजूचं एक उदाहरण आहे. आमच्याकडे दासबोधाच्या पाठांची पत्रकं छापून घेणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना उबुंटू इतकं मानवलं की विंडोजच काढायचं म्हणाले. त्यांचं काम सोपं नव्हतं. विंडोज नेहमीसारखं बंद केलं तरी 'फास्ट स्टार्टअप'मुळे ते अर्धवट झोपेत असतं, त्यामुळे उबुंटूतून त्याचे ड्राइव्ह उघडले तर नुसते वाचता येतात, लिहिता येत नाही. आधी ते फास्ट स्टार्टअप बंद करावं लागलं, मग फाइली काढल्या. जीपार्टेड नावाच्या साधनाने विंडोजचं पार्टिशन पुसलं, ईएफआयचं ठेवून त्यातलं मायक्रोसॉफ्टचं फोल्डर तेवढं काढलं, आणि 'सुडो अपडेट-ग्रब' म्हटल्यावर मेनूतून विंडोज गेलं. मोकळी झालेली जागा मात्र उबुंटूच्या डावीकडे होती. ती जोडायची तर उबुंटूचं अख्खं पार्टिशन पेनड्राइव्हवरून सरकवावं लागतं, काही तास चालतं आणि मध्येच वीज गेली तर सगळं मुसळ केरात. गुरुजी म्हणाले, "राहू दे, वेगळं कपाट समजेन." त्या जागेचा त्यांनी नुसता एक नवा ड्राइव्ह करून घेतला. शहाणपण त्यालाच म्हणतात. त्यांना विंडोजच्या परवान्याची किल्ली गेल्याची हळहळ होती, पण त्यांचा लॅपटॉप विंडोज ८ च्या नंतरचा, कंपनीनेच विंडोज टाकून दिलेला. अशांची किल्ली मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते. उद्या पुन्हा विंडोज टाकावंसं वाटलं तर ती तिथेच आहे.

आणि शेजारच्या स्टुडिओवाल्यांचं. त्यांनी जुनी डिस्क तशीच ठेवून नवी एसएसडी बसवली होती आणि नवीवर विंडोज टाकलं होतं. जुनीवरचं जुनं विंडोज नको म्हणून ती डिस्कच काढून घेतली, तर नवीही सुरू होईना. विंडोज नवीवर, पण त्याला सुरू करणाऱ्या फाइली सेटअपने जुनीवरच ठेवल्या होत्या. जुनी परत जोडली तेव्हा चालू झालं. दोन डिस्का असतील तर एक पुसण्याआधी तिची वायर काढून दुसरी एकटी उठते का ते बघावं, याहून स्वस्त परीक्षा नाही.

माझ्या मशीनवर आता एकटं विंडोज १० आहे. अपडेट्स येत नाहीत, म्हणून मी त्याची नेटची वायरच काढून टाकली. मेलचं काम लेकीच्या जुन्या टॅबवर. नेट नाही म्हणून ते घड्याळ हाताने साडेपाच तास पुढे करावं लागलं, पण त्यानंतर पावत्या बरोबर येतात. सेटअपचा पेनड्राइव्ह गल्ल्यात आहे, त्याला लाल दोरा बांधलाय आणि चिठ्ठीवर ती तेरा अक्षरं लिहून ठेवली आहेत, तिरक्या रेघेसह. या महिन्यात दोघांना तो देऊन झाला. दोघांनाही आधी फॉरमॅटच सांगितलं होतं.

संपादक महोदय, पत्र लांबलं आहे. डीटीपीवाली आहे, किती कॉलम भरतील ते मला कळतं. पुरवणीतला तो लेख पुन्हा छापणार असाल, आणि विंडोज १० चे संगणक घरोघरी असेपर्यंत तो छापावा लागणारच, तर तळाच्या त्या ओळीच्या आधी एवढीच एक ओळ घाला: 'आधी विंडोज मेनूशिवाय थेट सुरू होतंय ना ते पाहा.' आमच्या बारा पॉइंटात ती एका ओळीत बसते, मी लावून बघितली आहे. जागा नसेल तर माझं बाकीचं पत्र कापलं तरी चालेल.

कळावे,
आपल्या पुरवणीची नियमित वाचक,
एक डीटीपीवाली, कराड